टपालाने येणारा चित्रपट : सोय कोणाची, खर्च कोणाचा?

२९ सप्टेंबर २०२३ या दिवशी अमेरिकेतील नेटफ्लिक्स या कंपनीने टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्याचा आपला पंचवीस वर्षांचा व्यवहार कायमचा बंद केला. लाल पाकिटांत घालून या कंपनीने तोवर पाच अब्जांहून अधिक तबकड्या घरोघर धाडल्या होत्या. आपल्याकडे या घटनेची फारशी दखल कोणी घेतली नाही, आणि त्यात नवल काही नाही. ज्याच्या खिशातील फोनवर दिवसरात्र चित्रपट धावत असतात, त्याला पोस्टमनची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाचे कौतुक ते काय वाटावे?

तथापि हा व्यवहार म्हणजे केवळ कालबाह्य झालेली एक चैन होती असे समजणे चुकीचे ठरेल. दूरवर विखुरलेल्या वस्तीतील माणसाला, त्याला हवी ती कलाकृती, त्याला परवडेल अशा दरात कशी पोचवावी, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते. हा प्रश्न अमेरिकेपेक्षा मंडणगड, लांजा, राजापूर या तालुक्यांचा अधिक आहे. यास्तव त्या उत्तराचे गुणदोष हिशेब मांडून पाहणे, आणि त्यातून आपल्या उपयोगाचे काही निघते का हे तपासणे अगत्याचे वाटते.

तबकडी आणि टपाल

डीव्हीडी बाजारात आली ती १९९६-९७ च्या सुमारास. तिच्यापूर्वीची व्हिडिओ कॅसेट जाड, जड आणि नाजूक. ती टपालाने पाठवायची म्हणजे पार्सलाचा खर्च. डीव्हीडीचा व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर आणि वजन सुमारे १६ ग्रॅम. म्हणजे ती साध्या पत्राच्या पाकिटात जाऊ लागली. एका तांत्रिक बदलाने वाहतुकीचा खर्च कोसळला, आणि खर्च कोसळताच एक नवा धंदा उभा राहिला. नेटफ्लिक्सने १९९८ साली आरंभ केला आणि पुढच्याच वर्षी ठरावीक मासिक वर्गणीची पद्धत आणली. वर्गणीदाराने आपल्या आवडीची यादी द्यावी, कंपनीने त्यातील तबकडी पाठवावी, पाहून झाली की परतीचा टपालखर्च आधीच भरलेल्या पाकिटातून ती परत करावी, मग दुसरी यावी. उशिराबद्दल दंड नाही. दंडावरच ज्यांची मिळकत बरीचशी अवलंबून होती त्या दुकानांना हा मोठाच धक्का होता. ब्लॉकबस्टर या दुकानांच्या प्रचंड साखळीचे २०१० साली दिवाळे निघाले, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

आज गमतीचे वाटेल, पण त्या काळी टपाल हे तारांच्या जाळ्यापेक्षा फारसे मागे नव्हते. एका साध्या डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट इतका मजकूर मावतो. ती दोन दिवसांत घरी पोचली, तर सेकंदाला सुमारे २१८ किलोबिट या वेगाने मजकूर आला असा हिशेब होतो. भारत सरकारच्या २००४ सालच्या ब्रॉडबँड धोरणाने 'ब्रॉडबँड' म्हणवून घेण्यासाठी किमान वेग ठरवला होता २५६ किलोबिट! म्हणजे खाकी पिशवीतला पोस्टमन त्या काळच्या ब्रॉडबँडच्या जवळपास पोचला होता. आणि त्याला वीज लागत नव्हती.

एकसारख्या दराचे अर्थशास्त्र

या व्यवहाराचा पहिला गुण म्हणजे निवडीचा विस्तार. गावातील दुकानाच्या फडताळावर फार तर दीड-दोन हजार तबकड्या राहतात, आणि दुकानदार स्वाभाविकपणे खपेल तोच माल ठेवतो. ज्या चित्रपटाला गावात दोनच गिऱ्हाईक, तो ठेवणे त्याला आतबट्ट्याचे. पण अशा पाचशे गावांतील दोन-दोन गिऱ्हाईक एका मध्यवर्ती कोठाराशी जोडले की हजार गिऱ्हाईक होतात, आणि तोच चित्रपट ठेवणे परवडू लागते. विखुरलेली मागणी एकत्र करणे हे टपालाने भाड्याने देण्याच्या पद्धतीचे खरे कर्तृत्व होय. नेटफ्लिक्सच्या कोठारात भरभराटीच्या काळी लाखाच्या आसपास चित्रपट होते ते यामुळेच.

दुसरा गुण टपाल खात्याच्या मूळ तत्त्वातून येतो. इंग्लंडमध्ये १८४० साली रोलंड हिल यांच्या योजनेने आणि हिंदुस्थानात १८५४ साली डलहौसीच्या काळात, पत्राचा दर अंतरावर नव्हे तर वजनावर ठरू लागला. दादरहून परळला जाणारे पत्र आणि दादरहून दाभोळला जाणारे पत्र यांना तिकीट तेच. पहिल्या पत्राच्या नफ्यातून दुसऱ्याचा तोटा भरून निघतो. कुरिअर कंपन्या ही जबाबदारी पत्करत नाहीत. जेथे परवडते तेथेच त्या जातात, आणि त्यांना त्याबद्दल दोष देता येणार नाही. एकसारख्या दराचा लाभ आडगावच्या माणसाला मिळतो तो सार्वजनिक टपाल आहे म्हणूनच. कोकणाला हे वेगळे सांगायला नको. ज्या प्रदेशाचा उल्लेख पिढ्यान्पिढ्या 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' असा होत आला, तेथील चूल मुंबईहून पोस्टमनच्या हातून येणाऱ्या पैशावर पेटत होती. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ पासून; टपाल त्याच्या कितीतरी आधीपासून वाडीवस्तीवर पोचत होते.

दोषांची बाजू

आता दुसरी बाजू पाहू. टपालाने भाड्याने देण्यात भांडवल वाटेतच अडकून पडते. तबकडी जायला दोन दिवस, घरी तीन दिवस, यायला दोन दिवस आणि तपासणीला एक, असे आठ दिवस धरले तर वर्षाकाठी एका तबकडीच्या ४५ फेऱ्या होतात. जाण्यायेण्याला चार-चार दिवस लागले तर एका फेरीचे बारा दिवस होतात, आणि फेऱ्या तीसवर येतात. म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांसाठी दीडपट तबकड्या विकत घ्याव्या लागतात. पावसाळ्यात घाट बंद झाला, दरड कोसळली, की हा हिशेब आणखी बिघडतो. शिवाय तबकडीवर ओरखडा पडणे, ती तडकणे, हरवणे, आणि कोकणच्या दमट हवेत तिच्यावर बुरशी चढणे हे सारे नुकसान शेवटी भाड्यातच मिसळावे लागते.

दुसरा दोष ठरावीक वर्गणीच्या पद्धतीत दडलेला आहे. महिन्याला ठरलेली रक्कम घेतली की जो गिऱ्हाईक भराभर पाहून परत पाठवतो तो कंपनीला महाग पडतो, आणि जो तबकडी महिनाभर टेबलावर ठेवतो तो फायद्याचा. 'अमर्याद' सेवेची जाहिरात करायची आणि खरोखरीच भरपूर वापर करणाऱ्याला मात्र मागे ठेवायचे, असा मोह येथे उत्पन्न होतो. नेटफ्लिक्सवर २००४ साली याच तक्रारीवरून दावा झाला, तो तडजोडीने मिटला, आणि कमी तबकड्या मागवणाऱ्यास प्राधान्य मिळू शकते हे कंपनीच्या अटींत नमूद झाले. सुज्ञ वाचकाने हे ध्यानात ठेवावे, कारण 'अमर्याद' हा शब्द आजही जाहिरातींतून सुखाने वावरत आहे.

तिसरी उणीव उत्स्फूर्ततेची. आज रात्री पाहावासा वाटला तो चित्रपट परवा येतो, आणि परवा मन दुसरीकडे असते. सामान्य करमणुकीसाठी टपाल हे गैरसोयीचेच साधन आहे, हे मान्य केले पाहिजे. नेटफ्लिक्सने स्वतःच २००७ पासून तारेवरून चित्रपट दाखवण्यास आरंभ केला आणि आपल्या जुन्या धंद्याची जागा आपणच घेतली.

आपल्याकडे काय झाले?

भारतातही हा प्रयोग झाला. बंगळूरची सेव्हन्टीएमएम २००५ च्या सुमारास सुरू झाली, रिलायन्सच्या अनिल अंबानी समूहाची बिगफ्लिक्स २००८ साली. संकेतस्थळावर यादी करावी आणि तबकडी घरपोच यावी, ही कल्पना तीच. पण एक फरक मुळातला होता : या कंपन्यांचा भर टपाल खात्यापेक्षा स्वतःच्या माणसांकरवी तबकड्या पोचवण्यावर होता, आणि त्यामुळे त्यांची धाव मोठ्या शहरांपुरती राहिली. अमेरिकेत ज्या व्यवहाराचा सर्वाधिक लाभ आडगावाला व्हायचा, तो आपल्याकडे ज्यांच्या गल्लीत चित्रपटगृह, दुकान आणि केबल हे सारे आधीच होते त्यांच्याच दारी गेला. रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावाला, मग तालुक्यांची कथा काय, त्याचा उपयोग शून्य. काही वर्षांतच हा व्यवसाय आवरता घेतला गेला.

त्याची कारणे तीन. पहिले किमतीचे. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांस आणि डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास सुरुवात केली. समजा, जाण्यायेण्याचा टपालखर्च २० रुपये आणि पाकीट-हाताळणीचे ५ रुपये धरले, तर भाडे २५ रुपयांच्या खाली येऊच शकत नाही. त्यात तबकडीची झीज, जोखीम आणि नफा मिळवला की विकत घेण्याची किंमत गाठलीच. जी वस्तू विकत घेणे आणि भाड्याने घेणे जवळपास सारखेच, ती भाड्याने कोण घेईल? भाड्याचा व्यवहार टिकतो तो किंमत आणि भाडे यांत मोठे अंतर असेल तेव्हाच. पुढे मोझर बेअरही टिकली नाही. २०१८ साली तिच्या विसर्जनाचा आदेश झाला.

दुसरे कारण चोरीचे. रस्त्यावर मिळणाऱ्या नकली तबकडीशी प्रामाणिक व्यापाऱ्याने दरात स्पर्धा करणे केवळ अशक्य. तिसरे कारण ५ सप्टेंबर २०१६ रोजी आले. त्या दिवशी जिओची सेवा सुरू झाली, मोबाइलवरील इंटरनेटचे दर कोसळले आणि तबकडीचा प्रश्नच बाजाराने निकालात काढला.

कायद्याचे कलम

या साऱ्यात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली, ती कायद्याची. अमेरिकेत चित्रपटाची प्रत एकदा विकत घेतली की ती भाड्याने देण्यास मालकाची निराळी परवानगी लागत नाही. नेटफ्लिक्सचा सारा डोलारा या एका तत्त्वावर उभा होता. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने याच्या नेमके उलट ठरवले : प्रत पूर्वी विकली गेली असली तरी ती भाड्याने देण्याचा हक्क चित्रपटाच्या मालकाकडेच राहील. अमेरिकेत रीतसर विकत घेतलेल्या तबकड्या दिल्लीत भाड्याने देणाऱ्या एका व्यावसायिकाविरुद्ध वॉर्नर ब्रदर्स कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि २००९ साली निर्णय कंपनीच्या बाजूने झाला. त्या तबकड्या नकली नव्हत्या, हे येथे विशेष.

२०१२ साली कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली. 'भाड्याने देणे' या शब्दांच्या जागी 'व्यापारी तत्त्वावर भाड्याने देणे' असे शब्द आले, आणि नफ्यासाठी न चालणाऱ्या ग्रंथालयाने किंवा शिक्षणसंस्थेने, कायदेशीर मार्गाने मिळवलेली चित्रपटाची प्रत ना-नफा हेतूने देणे हे 'व्यापारी भाडे' नव्हे, असा खुलासा व्याख्येतच करण्यात आला. म्हणजे जे काम व्यापाऱ्याला परवानगीवाचून करता येत नाही, ते सार्वजनिक वाचनालयाला करता येते. त्याचप्रमाणे, शिक्षणसंस्थेच्या कार्याचा भाग म्हणून शिक्षक, विद्यार्थी आणि पालक एवढ्यांपुरते चित्रपट दाखवण्याची मुभाही कायदा देतो. या सवलतींचा लाभ किती वाचनालयांनी आणि किती महाविद्यालयांनी घेतला, याचा विचार ज्याने त्याने आपापल्या गावापुरता करावा.

आजचा प्रश्न

यावर कोणी म्हणेल, की आता या उठाठेवीचे प्रयोजन काय? फोनवर सारे मिळते. मिळते, हे खरे. पण 'सारे' मिळते हे खरे नाही. फोनवर मिळतो तो चित्रपट आपला नसतो, तो पाहण्याची तात्पुरती परवानगी आपली असते. कंपनीचा निर्मात्याशी झालेला करार संपला की चित्रपट यादीतून नाहीसा होतो. जुन्या चित्रपटांना, माहितीपटांना, छोट्या भाषांतील कृतींना प्रेक्षक थोडे; म्हणून त्यांचे हक्क घेण्यात कंपन्यांना रस थोडा. लाखाच्या आसपास चित्रपटांचे टपाली कोठार गेले आणि त्याच्या जागी आलेल्या एकेका सेवेवर काही हजारच चित्रपट सापडतात, ही प्रगती वेगाची आहे, विस्ताराची नव्हे.

शिवाय पुस्तक आणि तबकडी यांचा एक गुण या नव्या व्यवस्थेत हरवला आहे. विकत घेतलेले पुस्तक शेजाऱ्याला देता येते, वाचनालयाला भेट देता येते, मुलांना ठेवून जाता येते. वर्गणीने मिळालेली परवानगी कोणाला देता येत नाही. वाचनालय नावाची संस्था उभी आहे ती एका प्रतीने अनेकांची गरज भागवण्याच्या तत्त्वावर. प्रतच उरली नाही तर वाचनालय देणार काय? ज्या रत्नागिरीत १८२८ सालापासून वाचनालय चालत आले आहे, तेथील रहिवाशांना या प्रश्नाचे गांभीर्य समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी.

करता येण्याजोगे

टपालाने डीव्हीडी भाड्याने देण्याचा धंदा पुन्हा उभा राहावा असे कोणी सुचवणार नाही. तो राहणारही नाही. पण या व्यवहाराचे दोष आणि गुण वेगळे केले, तर असे दिसते की त्याचे बहुतेक दोष लोकप्रिय चित्रपटांच्या बाबतीतले आहेत आणि बहुतेक गुण दुर्मिळ कृतींच्या बाबतीतले. जो चित्रपट सगळ्यांना आज रात्री हवा आहे त्यासाठी टपाल निरुपयोगी. जो वर्षातून दहा जणांना हवा आहे, आणि ते दहा जण नऊ तालुक्यांत पसरले आहेत, त्यासाठी टपालाइतके सोयीचे साधन आजही नाही. बाजाराला अशा गिऱ्हाइकात रस नसतो, आणि म्हणूनच ते काम सार्वजनिक संस्थांचे ठरते.

याला आपल्याकडे आधारही आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, आणि त्याच्या वितरण विभागाने देशभरच्या फिल्म सोसायट्यांना अभिजात चित्रपट पुरवले. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेतून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या ठिकठिकाणच्या वाचकगटांकडे फिरत्या ठेवल्या. एक-एक पुस्तक पाठवण्यापेक्षा पेटी पाठवली की वाहतुकीचा दरडोई खर्च किती खाली येतो, हे त्या योजनेने दाखवून दिले आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये हजारोंच्या संख्येने आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी चित्रपटांचा आणि माहितीपटांचा एक निवडक संग्रह असावा, तालुक्याच्या वाचनालयांना त्यातील पेटी आलटून पालटून मिळावी, आणि तबकडी लावण्याचे यंत्र ज्याच्या घरी नाही त्याला तेही वाचनालयाने पुस्तकासारखेच घरी न्यायला द्यावे, यात अशक्य ते काय? शाळा-महाविद्यालयांना तर वर दिलेल्या मुभेनुसार ती वर्गात दाखवताही येईल. अर्थात गावच्या चौकात किंवा वाचनालयाच्या सभागृहात जाहीर खेळ करणे ही निराळी बाब आहे. त्यासाठी परवानगी लागते, याचे भान ठेवावे.

टपाल खात्यानेही यात आपला वाटा उचलला पाहिजे. १ मे २०२५ पासून खात्याने 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली. त्यात ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकांच्या पाकिटाला २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असा दर ठेवला आहे. ही सवलत छापील पुस्तकांसाठी आहे. मान्यताप्राप्त ग्रंथालयाने वाचकाला किंवा दुसऱ्या ग्रंथालयाला पाठवलेल्या पेटीत तबकड्या असल्या तरी तिला हाच दर लागू करावा, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. तिचा भार खात्यावर फारसा पडणार नाही; कारण गाडी आणि माणूस त्या गावाला तसेही जातच आहेत.

यंत्रे जुनी होतात, तबकड्याही एक दिवस वाचता येणार नाहीत, हे उघड आहे. तेव्हा प्रश्न डीव्हीडीचा नाही. एका प्रतीवर अनेकांचा हक्क असावा आणि ती प्रत शेवटच्या वाडीपर्यंत सारख्याच दराने पोचावी, ही दोन तत्त्वे आपल्या समाजाने पुस्तक आणि टपाल यांच्या बाबतीत दीर्घकाळ पाळली. नव्या माध्यमांनाही ती लागू करायची की नाही, हे ठरवायचे आहे. ते आपण ठरवले नाही तर कंपन्यांच्या कराराच्या अटी ठरवतील. आणि त्या अटी लिहिताना गुहागरच्या शिक्षकाचा किंवा संगमेश्वरच्या विद्यार्थ्याचा विचार कोणी केलेला नसेल. वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांनी आणि जिल्हा ग्रंथालय संघांनी या विषयाची चर्चा आपल्या पुढील वार्षिक सभेत करावी, इतकेच तूर्त सुचवावेसे वाटते.